शुभारंभाच्या प्रयोगाआधी: कागद, सुतार आणि तिसरी घंटा

नाटक कसं बसवायचं हे सांगणारी माणसं सांगलीत गल्लोगल्ली आहेत. बसलेलं नाटक पहिल्यांदा तिकीट लावून लोकांपुढे आणायला काय काय लागतं, हे एका जागी बसून सांगणारं मात्र आम्हाला कुणी भेटलं नाही. ज्याला जेवढं ठाऊक तेवढं तो सांगायचा आणि "पुढचं अमक्याला विचारा" म्हणायचा. आमचा शुभारंभाचा प्रयोग १४ डिसेंबरला भावे नाट्यमंदिरात झाला. डोक्यात ताजं आहे तोवर क्रमाने लिहून ठेवते. नाटकाचं नाव देत नाही, नाहीतर ही जाहिरात होईल.

मी नाटकात काम करत नाही, एका पतसंस्थेत नोकरीला आहे. आमच्या ग्रुपमध्ये एक प्राध्यापक, एक वायरमन, दोन गृहिणी, एक पोलीस हवालदार, कॉलेजची चार-पाच मुलं, आणि फायली लावायची सवय असलेली मी एकटी. जूनमध्ये पहिलं वाचन झालं, त्याच संध्याकाळी दिग्दर्शक सर म्हणाले, "ताई, कागदपत्रांचं तुम्ही बघा." भडंग खाता खाता सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

नाटक दोन अंकी आहे. पूर ओसरल्यावर गावभागातल्या, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीतल्या, घरात परतलेलं एक कुटुंब, आणि चिखल उपसता उपसता वर येणारी भांडणं. लेखक आमच्यातलाच. त्यामुळे त्याची परवानगी वगैरे कशाला, असं बाकीचे धरून चालले होते. लेखक घरचा असला तरी लेखी संमतीपत्र हवंच. किती प्रयोगांसाठी, मानधन किती, नाटक स्पर्धेत नेलं तर काय, संहितेत बदल कुणाला विचारून करायचे, हे सगळं आम्ही ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून काढलं. लेखकाला तेव्हा वाईट वाटलं. पुढे ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या अंकाचा शेवट बदलायचा की नाही यावरून पेटलं, तेव्हा तोच कागद त्याने खिशातून काढून सगळ्यांपुढे धरला. शेवट बदलला नाही.

मग संस्थेचा प्रश्न. आमचा ग्रुप म्हणजे व्हॉट्सॲपवरचा ग्रुप. नोंदणी नाही, पॅन नाही, बँकेत खातं नाही. थिएटरचा अर्ज असो की देणगीची पावती, पहिला रकाना 'संस्थेचं नाव' हाच. नवी संस्था काढून ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवायची तर त्यात हंगाम जाणार होता. म्हणून एका जुन्या नोंदणीकृत मंडळाला विचारलं. त्यांनी कित्येक वर्षांत नाटक केलं नव्हतं, पण हिशेब दरवर्षी वेळेवर तपासून घेतलेले होते. "आमच्या नावाने करा, पण एक एक पैसा आमच्या खात्यातून जाईल," एवढीच त्यांची अट. नटमंडळींना ती जाचक वाटली. मला तर तिच्यामुळे रात्री झोप लागली.

आता सेन्सॉर. बोलताना सगळे सेन्सॉरच म्हणतात, कागदावर त्याचं नाव रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. कार्यालय मुंबईला. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी त्यांच्याकडे जाते, सदस्य ती वाचतात, मग प्रमाणपत्र मिळतं. पुढे थिएटरवाले, पोलीस, स्पर्धावाले सगळे त्या प्रमाणपत्राची प्रत मागतात. सगळ्यात जास्त वाट इथे बघावी लागते, म्हणून सुरुवात इथून करा. अडचण एवढीच, की पाठवायला संहिता पुरी झालेली हवी, आणि तालमीत ती रोज बदलते. सरांचं म्हणणं सप्टेंबरपर्यंत थांबू, नाटक उभं राहिलं की पाठवू. माझं म्हणणं जुलैतच पाठवू. जुलैच्या मध्यावर मी संहितेच्या प्रती काढून पानांना आकडे घातले आणि "आता शाई वाळली" असं जाहीर केलं. नावावर चाललेला वादही त्याच दिवशी मिटवावा लागला, कारण प्रमाणपत्र ज्या नावाने येतं त्याच नावाने पुढे सगळं करायचं असतं. तुमच्या नाटकात गाणी असतील, विंगेतून येणारी वाक्यं असतील, शिव्या असतील, तर सगळं संहितेत असू द्या. प्रयोगात ऐनवेळी घालू म्हणून काही लपवू नका.

नंतर नुसती वाट. फोन केला की "वाचनाला गेलीय". ऑगस्ट तसाच गेला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन शब्द गाळायला सांगून मंजुरी आली. एक शिवी होती, दुसरा एका जातीचा जाताजाता केलेला उल्लेख. शिवी गेल्याचं आमच्या वायरमनला फार लागलं, त्याची हमखास टाळी तिथेच होती. दुसरा शब्द जायला हवा असं मला पहिल्या वाचनापासून वाटत होतं, पण व्यवस्थेच्या बाईने संहितेवर बोलावं कसं म्हणून गप्प होते. सेन्सॉरच्या विरोधात पुष्कळ बोललं जातं, त्यातलं बरंचसं मलाही पटतं. या एका शब्दापुरती मात्र मी त्यांची आभारी आहे.

मधल्या काळात कृष्णा नदीने आपलं काम केलं. तालमी गावभागातल्या एका हॉलमध्ये चालायच्या. ऑगस्टमध्ये कोयना धरणातून सोडायचं पाणी वाढलं आणि सगळं गाव कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारू लागलं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथे पोराटोरांनाही पाठ असतं. २०१९ला पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं होतं, त्यामुळे आता चाळीसचा आकडा ऐकला तरी लोक सामान माळ्यावर टाकायला लागतात. हॉलवाल्यांनाही सामान रचायला हॉल हवा होता. पुरावरच्या नाटकाची तालीम पुराच्या भीतीने बंद पडली. आम्ही विश्रामबागेत एकीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. पत्र्यावर पाऊस असा कोसळायचा की समोरच्याचा संवाद ऐकू यायचा नाही. कॉलेजमधल्या एका पोराने कंटाळून तो आवाज मोबाइलवर टिपला, आणि नाटकातला पाऊस म्हणून शेवटी तोच लागला. त्यात एक व्यवहाराचीही बाजू आहे. इंटरनेटवरून उचललेला आवाज किंवा सिनेमातलं गाणं तिकीट लावलेल्या प्रयोगात वाजवायचं तर हक्कांचा प्रश्न येतो, परवाना घ्यावा लागतो. आम्ही बाकीचं संगीत पेटी आणि तानपुऱ्यावर भागवलं. तानपुरा मिरजेहून उसना आणला. जिथे तो घडतो तिथूनच.

तारखेचं सांगते. सगळ्यांना हवी होती ५ नोव्हेंबर. १८४३ साली त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांपुढे 'सीता स्वयंवर'चा खेळ केला, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. पण त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात दरवर्षी भावे गौरव पदकाचा सोहळा असतो, तेव्हा तो विचार मनातच राहिला. पुढे राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस, शाळांची स्नेहसंमेलनं. 'रविवार' आणि 'रात्र' या दोन्हींवर अडून बसलं तर तारीख मिळत नाही, एक काहीतरी सोडावं लागतं. आम्ही रात्र सोडली. रविवार १४ डिसेंबर, दुपारी साडेचारचा प्रयोग, आठच्या आत रंगमंच झाडून रिकामा, कारण रात्री दुसरा कार्यक्रम. भाड्याचा आकडा मुद्दाम लिहीत नाही, तो वाराप्रमाणे आणि सत्राप्रमाणे बदलतो. पण विचारताना नुसतं "भाडं किती" विचारू नका. वीज वेगळी का, ध्वनिव्यवस्था त्यात धरलीय का, तालमीसाठी रंगमंच मिळेल का आणि किती वाजल्यापासून, अनामत कधी परत, तारीख रद्द झाली तर किती कापणार, हे सगळं विचारून पावतीवर लिहून घ्या. आणि जाल तेव्हा टेप घेऊन जा. रंगमंचाची रुंदी, खोली, विंगेतली जागा आणि सगळ्यात महत्त्वाचं, सामान आत न्यायचा दरवाजा. सुतारकाम त्या दरवाजाच्या मापावर ठरतं.

आमचं नेपथ्य म्हणजे एका वाड्याची भिंत, मधोमध दरवाजा, आणि भिंतीवर पुराच्या तीन रेघा: २००५, २०१९, २०२१. कुपवाडच्या एका सुतारदादांनी सेट केला, ३८,००० रुपयांत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळा उभा करायचा?" एकदाच असेल तर खिळे मारून मोकळं व्हायचं. पुन्हा लागणार असेल तर फ्लॅट, म्हणजे भिंतीचे सुटे तुकडे, बिजागरीने जोडायचे, सगळं नटबोल्टवर, आणि त्याचे पाच-सहा हजार जास्त. आम्ही दुसरं निवडलं आणि त्याचा फायदा पुढे पाऊण तासात सेट उतरवताना दिसला. रेघा काढायला पाट्या रंगवणारे एक काका आणले. त्यांनी सरांचं चित्र बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "चिखलाचा रंग असा तांबूस नसतो ओ. मी घरातला पुसलाय." मग त्यांनीच रंग कालवला.

बाकीचा खर्च असा: दिवे भाड्याने १४,०००, कपडे साडेनऊ हजार, रंगभूषाकाराचे ४,०००, पेटी आणि तानपुऱ्यावरच्या कलाकारांचं मानधन ६,०००, पत्रकं आणि तिकिटांची छपाई ३,२००, छोटा हत्ती जाऊन येऊन २,४००. सहा महिन्यांचा चहा-नाष्टा ७,०००, आणि हा आकडा कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. थिएटर धरून एकूण लाखाच्या वर गेलं. पैसे उभे केले ते आधी आपापसात, माणशी पाच हजार, कॉलेजच्या मुलांना सूट. जाहिराती घेऊन स्मरणिका काढायची टूम निघाली होती, ती मी मोडून काढली. स्मरणिकेसाठी लागणारी धावपळ तालमीच्या वेळातून जाते, आणि छापखान्याचं बिल आधी येतं, जाहिरातीचा पैसा नंतर.

तिकीट १५० आणि १०० रुपये ठेवलं. नाटकाच्या प्रवेशाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यामुळे ती भानगड आमच्यासारख्यांना लागत नाही. फुकट पास हा खरा डोकेदुखीचा विषय. सांगलीत प्रत्येकाचा कुणीतरी नाटकवाला असतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याला पास मिळेल. शेवटी नियम केला: प्रत्येक कलाकाराला दोन पास, तिसरा हवा तर स्वतः विकत घ्यायचा. दिग्दर्शकालाही तेच. दोन दिवस अबोला सहन केला.

पोलीस ठाण्यात अर्ज नोव्हेंबरच्या शेवटी दिला. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, थिएटरची पावती, मंडळाचं पत्र, वेळ, तिकिटाचे दर आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर जोडला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. आमच्यातला हवालदार म्हणाला होता, "मी आत सांगतो." मी म्हटलं, नको, पोच असू दे. त्याची स्वतःची रजा मात्र आदल्या रात्रीपर्यंत मंजूर नव्हती. तो नाटकात थोरला भाऊ, दोन्ही अंकांत. प्रॉम्प्टरला बसणाऱ्या मुलाने त्याचं काम तोंडपाठ केलं होतं, कपडेही मापाचे करून ठेवले होते. हौशी नाटकात नोकरी करणारी माणसं असतात, तेव्हा मोठ्या भूमिकेला दुसरा माणूस तयार ठेवाच. त्या पोराला प्रयोग करायला मिळाला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तांत्रिक तालमीबद्दल माझं ठाम मत झालं आहे. गावभर फलक लावायला बारा हजार काढले होते. ते पैसे फिरवून आम्ही आधीच्या मंगळवारी सकाळचं सत्र घेतलं, फक्त दिवे आणि सेटसाठी. त्या दिवशी काय काय निघालं: दुसऱ्या अंकात चिखलाची बादली ओततात, तर थिएटरच्या माणसांनी रंगमंचाच्या लाकडी फळ्यांवर पाणी ओतायला हरकत घेतली, आणि त्यांचं बरोबरच होतं. ताडपत्री, वर गोणपाट, आणि पाण्याऐवजी ओला भुसा अशी तडजोड झाली. देवघरातली समई पेटवायची नाही असं ठरलं, आत बॅटरीची वात आली. बाल्कनीत बसून पाहिलं तर २०१९ची रेघ वरच्या झालरीमागे जात होती. झालर वर घेतली. हे सगळं प्रयोगाच्या सकाळी निघालं असतं तर साडेचारची घंटा झालीच नसती. फलक कमी लागले म्हणून प्रेक्षक कमी आले का, ठाऊक नाही. आले ते बहुतेक एकमेकांच्या सांगण्यावरून आले.

१४ तारखेला सकाळी आठला थिएटर ताब्यात मिळालं. साडेअकरापर्यंत सेट उभा, एकपर्यंत दिवे. भाड्याच्या दिव्यांतला एक डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायचं यंत्र, सारखा ट्रिप होत होता. आमचा वायरमन अंगात नाटकातला सदरा घालून शिडीवर चढला आणि भार दोन ठिकाणी वाटून टाकला. अडीचला रंगभूषा. हवालदार दोन वाजून वीस मिनिटांनी गणवेशातच आला, टोपी खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसला. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्याने स्वतःच पोळी-भाजीचा डबा उघडला, तेव्हा मी श्वास सोडला.

पाहुण्यांवरून आधीच ठरवून टाकलं होतं. पडद्यामागे नटराजाची पूजा, नारळ, मंडळाच्या अध्यक्षांच्या हातून. पडद्यापुढे भाषण नाही. सत्कार असतील ते मध्यंतरात, दहा मिनिटांत. शुभारंभाच्या प्रयोगांना पाऊण तास भाषणं चालतात आणि पहिल्या अंकाला प्रेक्षक दमलेला असतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. आठला रंगमंच सोडायचा होता, त्यामुळे यावेळी घड्याळ माझ्या बाजूने होतं.

पहिली घंटा, दुसरी घंटा. मी दारात तिकिटं फाडत होते. आत अर्ध्याहून जास्त खुर्च्या भरल्या होत्या, बाल्कनी जवळजवळ रिकामी. सांगलीचा प्रेक्षक म्हणजे नाटककार देवल हरिपूरचे आणि खाडिलकर आमच्या गावचे म्हणून जन्मजात समीक्षक. तिसरी घंटा चार पस्तीसला झाली. पडदा उघडला, भिंत दिसली, रेघांवर प्रकाश आला. आणि मधल्या रांगेतून एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "एवढंच? आमच्यात पंख्याला लागलं हुतं!"

सगळं थिएटर हसलं. मी दारातच थिजले. रंगमंचावर आमच्या नाटकातली थोरली सून, म्हणजे घरात शिवणकाम करणारी बाई, जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकांपुढे उभी. तिने हसू ओसरू दिलं, हातातला खराटा भिंतीला टेकवला, एकदा त्या रेघेकडे बघितलं आणि मग पहिलं वाक्य घेतलं. एवढा वेळ थांबायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिथून पुढे प्रेक्षक आमच्याबरोबर होते. गाळलेल्या शिवीच्या जागी वायरमनने नुसता सुस्कारा टाकला, त्याला टाळी आली. नंतर विंगेत येऊन तो मला म्हणाला, "बघा ताई, शिवीपेक्षा हे स्वस्तात झालं."

सगळंच जमलं असं नाही. पहिला अंक लांबला, मध्यंतरानंतर काही खुर्च्या परत भरल्या नाहीत. दुसऱ्या अंकात भुशाची बादली ओतली तेव्हा धूळ उडून तिघांना ठसका लागला, कारण भुसा सकाळी ओला केला होता आणि दिव्यांच्या उष्णतेने वाळून गेला. पुढच्या वेळी मध्यंतरात पुन्हा भिजवायचा, हे माझ्या वहीत लिहिलं आहे. ओळखीच्या लोकांनी "छान झालं" म्हणायचं तेच म्हटलं. पाट्या रंगवणारे काका तेवढे येऊन बोलले. त्यांना २००५ची रेघ चार बोटं खाली पाहिजे होती.

पावणेसातला पडदा पडला. पाऊण तासात सेट उतरला, पावणेआठला छोटा हत्ती निघाला. मी थिएटरच्या माणसाबरोबर रंगमंचावर फिरून कुठे खिळा, कुठे टेप राहिलाय का बघितलं आणि त्याची सही घेतली. अनामत त्यामुळे पुरी परत मिळाली.

पुढच्या रविवारी हिशेब मांडला. तिकिटांचे एकेचाळीस हजार जमले. वर्गणी धरूनही काही हजार कमी पडले, ते माणशी वाटून घेतले. सगळी बिलं मंडळाच्या फायलीत लावली, कारण वर्षाअखेर लेखापरीक्षक मलाच विचारणार.

आता मिरजेला बालगंधर्व नाट्यगृहात तारीख मागितली आहे. लेखकाशी केलेल्या करारात दहा प्रयोग आहेत, प्रमाणपत्र हातात आहे, पोलिसांचा अर्ज नव्याने द्यावा लागेल. तिथली मापं घेऊन आम्ही सुतारदादांकडे गेलो होतो. मधला दरवाजा अलीकडे घ्यावा लागेल म्हणतात. भाव अजून सांगितलेला नाही.